आर्यन नावाचं वाहनतळ

पुण्यात मंडईत जायचं तर गाडी 'आर्यन'ला लावायची, तिथे जागा नसेल तर 'मिनर्व्हा'ला. आमच्या घरात हे वाक्य इतकं रुळलेलं आहे की त्यातल्या नावांकडे कोणाचं लक्ष जात नाही. मागे एकदा पावती देणाऱ्या मुलाला मी विचारलं, "आर्यन म्हणजे काय रे?" तो सहज म्हणाला, "पार्किंगचं नाव आहे, काका." विशीतला मुलगा, त्याला याहून जास्त ठाऊक असायचं कारण नाही. ज्या जमिनीवर तो स्कूटरी ओळीत लावून घेत होता, तिथे 1915 साली बापूसाहेब पाठकांनी आर्यन सिनेमा उभा केला. पुण्यातलं हे पहिलं कायमचं चित्रगृह. 1920 मध्ये बाबूराव पेंटरांचा 'सैरंध्री' कोल्हापूरहून आला तो इथल्याच पडद्यावर, आणि त्यानंतर लोकमान्य टिळकांनी पेंटरांना 'सिनेमा केसरी' म्हणून गौरवलं. 1983 साली आर्यन गेलं. पडदा कुठल्या बाजूला असेल याचा अंदाज घेत मी गाड्यांच्या दोन रांगांमध्ये उभा राहिलो, तेवढ्यात मागून हॉर्न वाजला आणि मला बाजूला व्हावं लागलं.

पुण्यातल्या जुन्या मंडळींकडे हा विषय काढला की एक उत्तर हमखास मिळतं: "अहो, इमारत काही देखणी नव्हती." ही गोष्ट खरी आहे, आणि माझा सगळा आक्षेप नेमका तिथेच आहे. शहरातलं काय जपायचं हे आपण इमारतीचा दर्शनी भाग बघून ठरवतो. मुंबईचं रीगल 1933 चं, इरॉस 1938 चं. दोन्ही बोलपटांच्या काळात, पैसेवाल्या प्रेक्षकांसाठी, आर्ट डेको शैलीत बांधलेली. 2018 मध्ये मुंबईच्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला तेव्हा मलाही आनंद झाला. गिरगावातलं रॉयल ऑपेरा हाउस 1993 पासून बंद होतं, ते 2016 मध्ये पुन्हा उघडलं. तिथला सोनेरी सज्जा बघून डोळे निवतात. हे जपलं ते योग्यच केलं. पण ज्या पत्र्याच्या, लाकडाच्या, भाड्याने घेतलेल्या जुन्या नाटकगृहांमध्ये या देशातल्या सामान्य माणसाने पहिल्यांदा हलतं चित्र पाहिलं, त्यांना सोनेरी सज्जा नव्हता, म्हणून ती वारशाच्या यादीच्या जवळपासही पोचली नाहीत. मूकपटांच्या काळातल्या चित्रगृहांपैकी जी काही उरली आहेत त्यांतलं निदान एखादं तरी सार्वजनिक पैशाने, चालतं-बोलतं चित्रगृह म्हणूनच, टिकवायला हवं असं माझं म्हणणं आहे. ते सुंदर नसेल, तरीही.

या काळाची आठवण भाषेतूनही पुसली गेली आहे. आपण जुन्या चित्रगृहाला सरसकट 'टॉकीज' म्हणतो. टॉकी म्हणजे बोलपट. म्हणजे 14 मार्च 1931 ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट लागला त्यानंतरची गोष्ट. त्याआधी जवळजवळ पस्तीस वर्षं लोक सिनेमाला जात होते. त्यांच्या चित्रगृहांना वेगळी नावं होती: पिक्चर पॅलेस, सिनेमॅटोग्राफ, थिएटर, कुठे नुसतंच सिनेमा.

या पस्तीस वर्षांत जे घडलं ते फार मोठं होतं. 7 जुलै 1896 ला वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या माणसाने मुंबईला पहिली हलती चित्रं दाखवली तेव्हा तिकीट होतं एक रुपया. त्या काळात एक रुपया म्हणजे कष्टकरी माणसाची कित्येक दिवसांची कमाई. आठवडाभरात हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले आणि तिथे चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत दर लागले. चार आण्यांच्या तिकिटापासून पुढचा सगळा इतिहास सुरू होतो. पाठोपाठ मैदानांवर तंबू आले. अब्दुलअली युसूफअली नावाचा माणूस आग्नेय आशियात आणि मग हिंदुस्थानात गावोगाव तंबू ठोकत फिरला. शंभर फूट लांब, पन्नास फूट रुंद तंबूत हजारभर माणसं बसायची. 1914 मध्ये त्याने अर्देशिर इराणी यांच्याबरोबर भागीदारीत मुंबईचं अलेक्झांड्रा थिएटर घेतलं, चारेक वर्षांनी दोघांनी मॅजेस्टिक बांधलं, आणि इराणींचा 'आलम आरा' पुढे तिथेच लागला. मैदानावरच्या तंबूपासून बोलपटापर्यंतचा सगळा प्रवास एका माणसाच्या आयुष्यात मावला. मॅजेस्टिकच्या जागेवर आज दुकानं आहेत.

त्याच गिरगावात, तेव्हाच्या सँडहर्स्ट रोडवर, कोरोनेशन सिनेमॅटोग्राफ होतं. 18 मे 1912 ला तिथे दादासाहेब तोरण्यांचा 'श्री पुंडलिक' लागला आणि 3 मे 1913 ला दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र'. जवळच्याच अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये फाळक्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि 'आपले राम-कृष्ण असे पडद्यावर का येऊ नयेत?' या विचाराने ते पेटले, हे तर सर्वांना पाठ आहे. सर्वांना पाठ असलेल्या या गोष्टीतली चित्रगृहं कुठे होती, हे मात्र मी सरदार वल्लभभाई पटेल मार्गावर दोन दुपारी विचारत फिरलो तरी मला कोणी सांगू शकलं नाही. फाळक्यांच्या नावाचा पुरस्कार आपल्याकडे चित्रपटक्षेत्रातला सर्वोच्च आहे. ते ज्या खुर्चीत बसून पेटले आणि ज्या पडद्यावर त्यांचं काम लोकांनी पाहिलं, त्या जागा मात्र आपण जाऊ दिल्या.

चित्रगृहाच्या त्या खोलीत नेमकं काय चालायचं हे जरा जवळून बघायला हवं, नाहीतर वारसा हा शब्द हवेत राहतो.

मागे लोखंडी पत्र्याने मढवलेली एक छोटी केबिन, आत कार्बनच्या दोन कांड्यांमधली झगझगीत ज्योत, आणि हाताने हँडल फिरवणारा ऑपरेटर. 35 मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात सोळा चित्रं मावतात. सेकंदाला सोळा चित्रं या वेगाने हँडल फिरवलं की सेकंदाला बरोबर एक फूट फिल्म दिव्यासमोरून जाते. हजार फुटांचं रीळ म्हणजे सोळा-सतरा मिनिटं. मग रीळ बदलायचं, तेवढा वेळ दिवे लागायचे. हँडल फिरवणारा थकला की पडद्यावरचा राजा संथ चालायचा, घाई झाली की धावायचा. त्या काळचा सिनेमा ऑपरेटरच्या मनगटात असायचा.

'राजा हरिश्चंद्र' सुमारे 3,700 फुटांचा होता, म्हणजे तासाभराचा खेळ. सुरतेला पहिल्या दिवशी गल्ला जमला जेमतेम तीन रुपयांचा. दोन आण्यांत सहा-सहा तास नाटक बघायची सवय असलेले लोक एवढ्याशा खेळाला तीन आणे का देतील? फाळक्यांनी जाहिरात केली: सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, फक्त तीन आण्यांत. गल्ला तीनशे रुपयांवर गेला. मी एकदा हिशेब करून पाहिला. 3,700 ला सोळाने गुणलं की होतात 59,200. दोन मैल ही अतिशयोक्ती, पण सत्तावन्न हजारांचा आकडा जवळपास खरा आहे. फाळक्यांनी ग्राहकाला चित्रं मोजून दिली होती. आणि ग्राहकालाही ती मोजून घ्यायची होती, कारण त्याचे तीन आणे घामाचे होते.

पडद्याच्या पायथ्याशी पेटी आणि तबला. मूकपट म्हणतो आपण, पण ते चित्रगृह कधीच मुकं नव्हतं. पडद्यावर पाट्या यायच्या, इंग्रजीत, मराठीत, गुजरातीत, हिंदीत, उर्दूत, त्या त्या गावाला लागेल तशा. ज्याला वाचता यायचं तो मोठ्याने वाचायचा, शेजारचा ऐकायचा. ज्या देशात शंभरातल्या नव्वद माणसांना अक्षरओळख नव्हती, तिथे हे मोठ्याने वाचणं ही किती मोठी गोष्ट होती! ज्या माणसाच्या हातात कधी पुस्तक आलं नाही, त्याच्यासाठी कोणीतरी अंधारात वाचून दाखवत होतं आणि सगळी खोली ऐकत होती. 1917 मध्ये 'लंकादहन' लागला तेव्हा गिरगावात सकाळी सातपासून मध्यरात्रीपर्यंत खेळ चालले. राम आणि सीता दोघांचंही काम अण्णा साळुंक्यांनी केलं होतं, आणि प्रेक्षक राम पडद्यावर आला की हात जोडायचे.

बसायची व्यवस्थाही पाहण्यासारखी आहे. नाटकात पुढची खुर्ची महाग, मागची स्वस्त. सिनेमात उलटं. पडद्याच्या अगदी पुढ्यात बसलं की मान दुखते, म्हणून पुढची जागा दोन-चार आण्यांची, कुठे बाक तर कुठे नुसती जमीन. ग्रँट रोडच्या जुन्या नाटकगृहांत पडदा लागला तेव्हा कालपर्यंत जिथे शेठजी बसायचे तिथे रातोरात गिरणी कामगार येऊन बसला. समता वगैरे आली असं मी म्हणणार नाही. फोर्टातली साहेबांची थिएटरं वेगळी होती, बायकांची बसायची सोय वेगळी होती आणि खिशाप्रमाणे पायरी ठरलेलीच होती. पण तिकिटावर जात छापलेली नव्हती, आणि दिवे गेल्यावर शेजारी कोण बसलंय हे दिसत नव्हतं. विहिरीवर आणि देवळात जे शक्य नव्हतं ते तासाभरासाठी इथे घडत होतं. आपल्या शहरांच्या इतिहासात अशा जागा किती आहेत?

यावर एक शंका अशी येते की चित्रपट जपले म्हणजे झालं, जुन्या भिंती कशाला हव्यात? चित्रपट जपले असते तर मीही कदाचित गप्प बसलो असतो. या देशात हजाराहून जास्त मूकपट बनले, त्यांतले आज पूर्ण-अपूर्ण धरून तीसही हाताशी नाहीत. त्या काळची नायट्रेटची फिल्म आपोआप कुजते, भडका उडाला तर पाण्यानेही विझत नाही, आणि तिच्यात चांदी असते. चांदीसाठी फिल्म धुऊन काढणाऱ्यांनी जेवढी विकत घेतली तेवढी संपली. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात स्थापन झालं 1964 मध्ये, म्हणजे शेवटच्या मूकपटानंतर तीस वर्षांनी. संग्रहालयाच्या पी. के. नायरांनी गावोगाव फिरून डबे गोळा केले म्हणून निदान फाळक्यांचा काही भाग आज आपल्याला दिसतो. 2003 मध्ये पुण्यातच नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि वाचलेल्यातलंही बरंच गेलं. एखाद्या ग्रंथालयाची सगळी पुस्तकं जळून गेली आणि वाचनाची खोली तेवढी उरली, तर ती खोली आपण पाडू का? मूकपटांच्या बाबतीत अशी खोलीच आता सर्वांत विश्वासाचा पुरावा आहे. केबिन कुठे होती, तिच्या झरोक्यांना लोखंडी झडपा कशा होत्या, पुढचा वर्ग कुठल्या वेगळ्या दाराने आत यायचा, हे कुठल्याही कागदापेक्षा भिंत नीट सांगते. 1897 मध्ये पॅरिसच्या धर्मादाय बाजारात सिनेमाच्या दिव्यापायी आग लागून सव्वाशेच्या वर माणसं गेली, तेव्हापासून जगभर ऑपरेटरची केबिन अग्निरोधक करायचे नियम झाले. आपल्याकडे 1918 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने चित्रगृहाला परवाना सक्तीचा केला. त्या लोखंडी झडपा म्हणजे या भीतीची आणि या कायद्याची खूण आहे.

आता पैशाचं बघू. "सरकारने तोट्यातलं थिएटर का पोसावं?" हा प्रश्न रास्त आहे, पण हिशेब 1923 पासून मांडावा लागेल. त्या वर्षी मुंबई इलाख्यात करमणूक कराचा कायदा झाला. तेव्हापासून 2017 मध्ये जीएसटी येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ चौऱ्याण्णव वर्षं, सरकारने तिकिटामागे आपला वाटा घेतला. त्या काळात या राज्याच्या तिजोरीत सिनेमाच्या रांगेतून किती पैसा गेला असेल? 1927-28 मध्ये सिनेमाच्या धंद्याची चौकशी करायला सरकारने नेमलेली, टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखालील समिती देशभर फिरली, 353 साक्षी घेतल्या, दादासाहेब फाळक्यांनाही बोलावलं. देशात तेव्हा चित्रगृहं होती सुमारे तीनशे. सरकारने या धंद्याला नुसता कर आणि सेन्सॉर न लावता हात द्यावा असं समितीने 1928 च्या अहवालात लिहिलं. सरकारने अहवाल ठेवून दिला. साहेब गेला, आपलं राज्य आलं, कर तेवढा चालू राहिला. या कराचा छोटासा हिस्सा जरी परत करायचा म्हटला, तरी एक जुनं चित्रगृह सांभाळणं जड नाही.

दुसरा आक्षेप मालकांचा आहे आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. एकपडदा चित्रगृहाच्या मालकाला वीज, कर, माणसांचा पगार परवडत नाही. सिनेमागृहाच्या जागेवर सिनेमागृहच ठेवा ही अट काढून टाका, अशी मालकांची मागणी जुनी आहे. आपण वारशाच्या गप्पा मारायच्या आणि त्याने घरचं सोनं विकून खुर्च्या दुरुस्त करायच्या, हा अन्याय आहे. म्हणून सगळीच जुनी चित्रगृहं गोठवून टाका असं मी म्हणत नाही. बहुतेक जातील, जाऊ द्यावीत. पण एखाद्याची निवड करून मालकाला रास्त मोबदला द्या. वारसा इमारतींसाठी हस्तांतरणीय विकास हक्काची, म्हणजे त्या जागेवर न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरायची किंवा विकायची, सोय मुंबईत आहेच, ती शिखरं आणि कमानी असलेल्या इमारतींपुरतीच का असावी? हे जमलं नाही तर महापालिकेने सरळ विकत घ्यावं. नाट्यगृहं महापालिका चालवतातच की.

बाहेर काय झालं तेही बघण्यासारखं आहे. कोलकात्यात जमशेटजी मदन यांनी 1907 मध्ये एल्फिन्स्टन पिक्चर पॅलेस उभारलं, पुढे त्याचं नाव चॅप्लिन झालं. 2013 मध्ये तिथल्या महापालिकेनेच ते पाडलं. चेन्नईत माउंट रोडवरचं 1913 चं इलेक्ट्रिक थिएटर टपाल खात्याच्या आवारात गेलं म्हणून वाचलं, आज तिथे टपाल तिकिटांच्या संग्रहाचं दालन आहे. इमारत वाचली याचं समाधान वाटतं. पण तिथे अंधार होत नाही आणि पेटी वाजत नाही, म्हणून मला तो अर्धाच मार्ग वाटतो.

मुंबईत निवड करायची तर मी पिला हाऊसकडे बोट दाखवीन. ग्रँट रोडच्या त्या भागाचं नावच 'प्लेहाउस'चं लोकांनी केलेलं रूप आहे. पारशी नाटकमंडळ्यांनी तिथे नाटकगृहं बांधली, मग त्याच इमारतींत पडदे लागले. अल्फ्रेड हे त्यातलंच, पूर्वीचं रिपन थिएटर. अलीकडच्या वर्षांपर्यंत या चित्रगृहांत जुने, पुन्हापुन्हा दाखवलेले हिंदी चित्रपट लागायचे, दारावर हाताने रंगवलेले फलक असायचे, आणि आत दिवसभर राबलेले हमाल, हातगाडीवाले, परगावचे मजूर स्वस्तातलं तिकीट काढून पंख्याखाली बसायचे. कोणी तर झोपायलाच यायचे. प्रतिष्ठित माणसं या थिएटरांचं नाव काढलं की नाक मुरडतात. "तिथे कसला आलाय वारसा? तिथे कोण जातं?" असं मला एका चर्चेत तोंडावर विचारलं गेलं. तिथे जाणारा माणूस तोच आहे, जो शंभर वर्षांपूर्वी गिरगावात दोन आणे देऊन जमिनीवर बसायचा. इमारत, जागा आणि प्रेक्षक तिन्ही एकत्र उरलेत अशा जागा या देशात फारशा नाहीत. यातला प्रेक्षक हटवून, भिंती घासूनपुसून, कॉफीचं दुकान घालून जे उभं राहील त्याला मी जपणूक म्हणणार नाही. तिकीट स्वस्तच राहिलं पाहिजे, रोजचे खेळ रोजचेच राहिले पाहिजेत. महिन्यातला एखादा रविवार मूकपटाचा करा, पेटीवाला आणि तबलजी बसवा, पाट्या वाचायला एक खणखणीत आवाजाचा माणूस ठेवा. या शहरात नाटकमंडळ्यांत पेटी वाजवणारे हात अजून आहेत. आणखी वीस वर्षांनी ते असतील का?

फाळक्यांचा 1919 चा 'कालिया मर्दन' हा जवळजवळ संपूर्ण मिळतो. मी तो घरी लॅपटॉपवर पाहिला, आवाज नसलेला, एकट्याने. सुरुवातीला फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी कॅमेऱ्यासमोर नुसती चेहऱ्यावरचे भाव बदलत राहते: हसते, रुसते, रागावते, घाबरते. मग हळूहळू तिच्याच जागी मुकुट घातलेला कृष्ण उमटतो. आपण जिला पाहतोय ती आपल्यासारखीच एक पोर आहे, हे बापाने आधी लोकांना दाखवलं आणि मग तिचा देव केला. ती रुसली तेव्हा मला हसू आलं, आणि हसताना खोलीत आपण एकटेच आहोत हे जाणवून मी थांबलो. हा विनोद चारशे माणसांसाठी रचलेला होता. ती रुसली की पुढच्या जमिनीवरची पोरं कशी खिदळली असतील, पेटीवाल्याने तिथे कुठला सूर धरला असेल, कालिया नागाच्या फण्यावर ती चढली तेव्हा मागच्या बाकावरून कोण ओरडलं असेल, हे मला ऐकायचं आहे. ग्रँट रोडला, पंख्याखाली, त्याच हमालांच्या शेजारी बसून.